अर्ध्या बाटलीतलं पाणी

मी तोंडाची फटकळ. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाई स्वतःला गरीब गाय म्हणून दाखवते. पेणमधल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत मी एकवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ इन्चार्ज सिस्टर म्हणून. आठ खाटा, चार व्हेंटिलेटर, एक काचेचं दार आणि त्या दाराच्या आत माझं राज्य. एका पेशंटला हात लावून कुणी तसंच दुसऱ्याकडे निघालं, की मी मनगट धरून बेसिनपर्यंत ओढत न्यायची. मोठ्या डॉक्टरांनाही सोडलं नव्हतं. एकदा ते कानाला मोबाईल लावून आत आले आणि त्याच हातानं पेशंटची नळी बघायला लागले. मी सगळ्यांसमोर विचारलं, साहेब, हा फोन संडासातपण बरोबर असतो ना तुमच्या? ते हसले, पण गेले हात धुवायला. मुली माघारी मला 'साबण' म्हणायच्या. मला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

माझं माहेर खारेपाटातलं, धरमतरच्या अंगाला. बाप मिठागरात कामाला. बांधाच्या त्या बाजूला खाडी, या बाजूला भाताची शेतं आणि प्यायच्या पाण्याला टँकरची वाट. आता घरोघरी नळ आलेत, पण नळाला पाणी कधी येईल ते त्या नळालाच माहीत. अशा गावात वाढलेल्या माणसाला तुम्ही काहीही शिकवा, पाणी टाकायला शिकवता येत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी शेळीला, भांडी विसळलेलं पाणी भेंडीच्या रोपांना आणि रात्री तांब्यात उरलेलं पाणी सकाळी अंघोळीच्या हंड्यात. पाणी शिळं होतं, हे मला नर्सिंगला गेल्यावर कळलं.

घरात आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, अंगानं थोराड. सातवीनंतर तिची शाळा सुटली, कारण टँकरच्या रांगेत उभं राहायला घरातलं कुणीतरी हवं होतं आणि डोक्यावर हंडा तिलाच पेलायचा. मला कळशीही धड उचलता यायची नाही, म्हणून मी शाळेत गेले. इतकं साधं होतं ते. कुणी त्याला त्याग वगैरे म्हटलं नाही, ताईनं तर नाहीच. मी शिकले, पेणला नोकरीला लागले, पेणमध्येच माझं लग्न झालं. ताईला रोहा तालुक्यात निडीला दिली. तिकडं विहिरीला बारमाही पाणी, त्याचं तिला केवढं कौतुक. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा नवऱ्याबद्दल चकार शब्द बोलली नाही, विहिरीबद्दल तासभर बोलली. आम्ही तिला चिडवायचो, की तू भावजींशी नाही, विहिरीशी लग्न केलंस. भावजीही हसायचे. शेतकरी माणूस, मिशीतल्या मिशीत हसणारा.

आता त्या बाटलीचं सांगते. व्हेंटिलेटरची हवा कोरडी असते. ती थेट फुफ्फुसात गेली तर आतून सगळं सुकून जाईल, म्हणून मशीनला एक लहान भांडं जोडलेलं असतं. त्यात कोमट पाणी, आणि त्या पाण्यावरून हवा ओली होऊन जाते. हे पाणी साधं चालत नाही, निर्जंतुक केलेलं लागतं. त्याच्या एक-एक लिटरच्या सीलबंद बाटल्या येतात. नियम असा, की बाटली एकदा फोडली की दिवसाअखेर जेवढं उरेल तेवढं ओतून द्यायचं. भांड्यातलं जुनं पाणीही काढून टाकायचं, त्यात वरून भर घालायची नाही. मला हा नियम पाठ होता. मी तो परीक्षेत लिहिला होता, नव्या मुलींना तोंडपाठ करायला लावला होता. आणि शिफ्ट संपताना अर्धी भरलेली बाटली हातात आली, की ती मोरीत ओतायला माझा हात वळायचा नाही. स्वच्छ, काचेसारखं पाणी. मी झाकण घट्ट लावायची, बाटली खालच्या कपाटात ठेवायची आणि सकाळी आल्यावर आधी तीच संपवायची. एका भांड्यात थोडी भर, मग पुढच्यात, मग त्याच्या पुढच्यात. मुली बघायच्या. त्यांतल्या निम्म्या माझ्यासारख्याच खाडीकडच्या, त्यांना त्यात वावगं काही दिसलंच नाही. ज्यांना दिसलं असेल त्यांची मला बोलायची छाती नव्हती. वर्षानुवर्षं असं चाललं आणि कुणाला काही झालं नाही, म्हणून ते बरोबरच आहे असं मला वाटत गेलं.

दोन वर्षांपूर्वी आषाढ संपता संपता दोन नंबरच्या खाटेवर गणपतीच्या कारखान्यातला एक कारागीर आला. मूर्तींचे डोळे आखायचं काम करायचा, अर्धांगाचा झटका आलेला. सुधारत होता, आणि एकाएकी ताप चढला. अशा वेळी नळीतून ओढलेला बेडका तपासायला मुंबईला जातो आणि तीन दिवसांनी कागद येतो. कागदावर जंतूचं नाव, खाली औषधांची यादी. ज्या औषधानं तो जंतू मरतो त्याच्यापुढं 'एस', ज्याला तो जुमानत नाही त्याच्यापुढं 'आर'. त्या कारागिराच्या कागदावर वरपासून खालपर्यंत आर, आर, आर. फक्त तळाशी कोलिस्टिन नावाच्या एका औषधापुढं एस. ते जुनं औषध, किडन्या खराब करतं म्हणून एके काळी डॉक्टरांनी बाजूला टाकलेलं. आता दुसरं काही उरलं नाही म्हणून परत काढलेलं. कारागीर आठवड्याभरात गेला. त्याच्या बायकोनं विचारलं, झटक्यानं गेले का? आम्ही हो म्हटलं.

मग पाच नंबरचा ड्रायव्हर. वडखळजवळच्या अपघातात छातीच्या बरगड्या मोडलेला, पंचवीस-सव्वीस वर्षांचा. त्याचाही तोच जंतू, तीच यादी. मोठे डॉक्टर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, सिस्टर, हा एकाकडून दुसऱ्याकडे आपणच नेतोय.

माझं डोकं फिरलं. माझ्या आयसीयूत? मी सगळ्या मुलींना ओळीत उभं केलं आणि एकेकीची लाज काढली. नखं तपासली, अंगठ्या काढायला लावल्या, घड्याळं काढायला लावली. एक पोरगी नुकतीच लग्न होऊन आलेली, हातात हिरवा चुडा. मी म्हटलं, हा उतरवायचा. ती म्हणाली, सिस्टर, वर्ष तरी होऊ दे. मी म्हटलं, इथं माणसं मरतायत आणि तुला बांगड्या सुचतात? तिनं रडत रडत साबण लावून एकेक बांगडी उतरवली. दुसऱ्या दिवशी तिची सासू येऊन हॉस्पिटलच्या दारात मला वाट्टेल ते बोलली, आणि मीही तिला चार शब्द ऐकवले. मला खात्री होती की दोष कुणाच्या तरी हातांचा आहे. दुसऱ्या कुणाच्या तरी.

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी पहाटे भावजींचा फोन आला. ताई ओटीवर सतरंजी टाकून झोपलेली, तिथंच तिला मण्यार चावली. चावल्याचं तिला कळलंही नाही, मुंगी चावली असेल म्हणून ती तशीच झोपली. उठली तेव्हा पापण्या उघडेनात आणि जीभ जड. रोह्याच्या सरकारी दवाखान्यात नेली. त्यांनी वेळ न घालवता सापाचं औषध सुरू केलं, पण श्वास कमी पडायला लागला होता आणि व्हेंटिलेटरची सोय बघा म्हणाले. भावजी विचारत होते, पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊ का? ॲम्ब्युलन्सवाला तयार आहे, फुगा दाबून श्वास देणारा माणूसही बरोबर देतायत.

त्या क्षणी मला दोन्ही कागद आठवले. आठवले नाहीत असं मी म्हणणार नाही. कारागिराची रिकामी खाट आठवली, ड्रायव्हरच्या आईचा रडून सुजलेला चेहरा आठवला. पण आपली बहीण परक्यांच्या हातात, काचेबाहेर तासनतास ताटकळत राहायचं, कुणी धड बोलणार नाही, हे काही मला सोसवेना. आपल्याकडे माणूस मोठं हॉस्पिटल बघून जात नाही, तिथं आपलं कुणी आहे का ते बघून जातो. मी नेहमी त्यावरून लोकांना बोलायची. आणि मीच भावजींना म्हटलं, "कुठं नेऊ नका. माझ्याकडं घेऊन या. मी हाय ना."

त्यांना तेवढंच हवं होतं. पुढं घुटमळले नाहीत.

ताई आली ती निळी पडलेली, पण जिवंत. नळी घातली, चार नंबरच्या खाटेवर मशीनला जोडली. मण्यारीचं विष विचित्र असतं. माणसाचं सगळं अंग लुळं पडतं, पण आत शुद्ध असते. ऐकू येतं, कळतं, फक्त बोटही हलवता येत नाही. मशीननं श्वास देत राहिलं की हळूहळू विष उतरतं आणि माणूस उठून घरी जातो. अशी माणसं मी स्वतः चालत घरी पाठवलेली. म्हणून मला भीती नव्हती. मी ताईच्या कानाशी बसून तिला सांगायची, ताई, हे सगळं उतरणार आहे, फक्त कळ काढ. घरच्या गप्पा सांगायची. भाचीचा बारावीचा अभ्यास कसा चाललाय ते सांगायची. त्या सगळ्या दिवसांत माझ्याशिवाय तिच्या मशीनला मी कुणाला हात लावू दिला नाही. तिच्या भांड्यातलं पाणी मी स्वतः भरायची. मुलींच्या हातांवर माझा विश्वास नव्हता ना.

चौथ्या दिवशी तिच्या पायाचा अंगठा हलला. पाचव्या दिवशी डोळे उघडले, आणि मी आले की ती बोटं वर करायची. माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मी बेसिनवर ट्रे धूत होते, नळ जरा जास्तच वेळ चालू राहिला. मागं टक टक आवाज आला. बघते तर ताई खाटेच्या दांडीवर बोट वाजवतेय आणि हात फिरवून खुणावतेय, की नळ बंद कर. तोंडात नळी, नाकात नळी, आणि हिला माझ्या वाया जाणाऱ्या पाण्याची काळजी. मी इतकी हसले की शेजारच्या खाटेवरची म्हातारीही हसली. मी नळ बंद केला. बाहेर जाऊन भावजींना ते सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, मग आता ती हायच. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढायची ठरली. मी त्यांना म्हटलं, घरी जाऊन तिचं चांगलं लुगडं घेऊन या.

सकाळी तिच्या कपाळाला हात लावला. अंग तापलेलं. बेडका घट्ट, हिरवट. त्या रंगाची मला ओळख होती. एक्स-रेवर उजवं फुफ्फुस खालून पांढरं झालेलं. मी डॉक्टरांना म्हटलं, कागदाची वाट बघू नका, कोलिस्टिन सुरू करा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता लिहून दिलं. तीन दिवसांनी कागद आला तेव्हा मी तो उघडलाही नाही. तीच यादी असणार हे मला माहीत होतं. तीच होती.

डॉक्टरांनी ताईला ताप आला त्याच दिवशी सगळीकडचे नमुने घ्यायला लावले होते. आमच्या सगळ्यांच्या हातांचे, नळांचे, बेसिनचे, फोनचे, खाटांच्या दांड्यांचे, मशीनच्या भांड्यांचे. मुंबईहून आलेल्या माणसानं खालचं कपाट उघडलं आणि विचारलं, ही उघडी बाटलीपण घेऊ का? मी म्हटलं, घ्या की. मी त्याला अडवलं नाही कारण माझ्या मनातही आलं नव्हतं. त्या बाटलीत पाणी होतं. पाण्यात काय असणार?

नमुन्यांचा निकाल आला तेव्हा ताईचा अकरावा दिवस. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हात सगळ्यांचे स्वच्छ. त्या चुडेवालीचेसुद्धा. जंतू सापडला तीन भांड्यांत, बेसिनच्या जाळीत आणि कपाटातल्या बाटलीत. बाटलीत सगळ्यात जास्त.

"ही कुणी ठेवली?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी."

ते म्हणाले, की बेसिनमधून बाटलीत गेला की बाटलीतून बेसिनमध्ये, हे कुणी सांगू शकत नाही. तुम्ही एकटीवर घेऊ नका. भला माणूस. पण मला सांगता येत होतं. ताईच्या भांड्यात रोज पाणी कुणी घातलं हे मला माहीत होतं.

केबिनमधून आले आणि कपाटातल्या सगळ्या उघड्या बाटल्या काढून संडासात ओतल्या. चार निघाल्या. मला त्या पाण्याची हळहळ वाटली. तिकडं बहीण मरत होती आणि मला आत कुठं तरी पाणी वाया गेल्याचं वाईट वाटत होतं. लाज वाटते सांगायला, पण तसंच झालं. ती सवय माझ्या हाडांत आहे, ती माझ्याबरोबरच जाईल.

पुढचे दोन दिवस मी ताईजवळ बसून होते. तापानं ती ग्लानीत गेलेली, बोटं वर करणं बंद झालेलं. कोलिस्टिननं फुफ्फुस सुधारलं नाही आणि किडन्या गेल्या. लघवी थांबली, अंग सुजलं, हातातल्या दोन पाटल्या कापून काढाव्या लागल्या. मी तिला सगळं सांगितलं, कानाशी तोंड नेऊन. सांगून उपयोग नव्हता, तिला ऐकू जात नव्हतं. तेराव्या दिवशी दुपारी तिचं हृदय थांबलं. मशीन त्यानंतरही थोडा वेळ तिला श्वास देत राहिलं, कारण बंद करायचं बटण मलाच दाबायचं होतं.

बाहेर आले. भावजी काचेला टेकून उभे होते, काखेत लुगड्याची पिशवी. मी म्हटलं, इन्फेक्शन पसरलं. त्यांनी विचारलं, विषाचं? मी हं म्हटलं. बस, एवढंच. माझ्या फटकळ तोंडातून आयुष्यात पहिल्यांदा जो शब्द यायला हवा होता तो आला नाही. सापाची केस म्हणून पोलीस आले, पंचनामा झाला, कागदावर सुरुवातीलाही सर्पदंश आणि शेवटीही सर्पदंश. मधे काय झालं ते दोन इंग्रजी शब्दांत उरकलं होतं.

ड्रायव्हर वाचला, पण त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनला लावून घ्यायला जातो असं ऐकलं. चुडेवालीची मी माफी मागितली, तर ती म्हणाली, जाऊ द्या सिस्टर, आणि महिनाभरात नोकरी सोडून गेली. मालकांनी आयसीयू चार दिवस बंद ठेवलं, धूर केला, भिंती धुतल्या, भांडी नवी आणली. मी बाटल्यांवर वेळ आणि तारीख लिहून दिवसाअखेर समोर उभी राहून ओतायला लावायला लागले. पाच आठवडे काही नाही. मग तीन नंबरवर परत तोच कागद. बेसिनच्या जाळीत परत तोच जंतू. बेसिन उपटून नवं बसवलं, आणि दिवाळीनंतर आणखी एक. डॉक्टर म्हणाले, हा आता इथला रहिवासी झालाय. त्यांच्या आवाजात रागही नव्हता. मुली हात धुतात, तो जातो असं वाटतं, आणि येतो. सध्या त्या कोलिस्टिनपुढंही 'आर' यायला लागलाय. त्याच्या खाली यादीत काही नाही.

निडीला मी मार्गशीर्षात गेले. भाताची झोडणी झालेली, अंगणात पेंढ्याचे भारे. तिकडं वेगळंच चाललं होतं. ताई गेल्यापासून भावजींनी साप मारायचं घेतलं होतं. नागपंचमीला वारुळापुढं हात जोडणारा माणूस. काठी घेऊन बांध, दगडी गडगे, गोठा, लाकडांची रास, सगळं उपसत फिरायचे. शेजारी सांगत होता, दोन धामणी मारल्या, विहिरीवरचा दिवड मारला, परड्यातलं एक पिल्लू मारलं. मण्यार एकही सापडली नाही. शेजाऱ्यानं त्यांना समजावलं, की बाबा, धामण उंदीर खाते, तिला कशाला मारतोस? तर ते म्हणाले, चावणारी कुठली हे मला कसं कळायचं.

ते ऐकलं आणि मला राहवेना. पडवीत ते दोरी वळत बसले होते, भाची आत स्वयंपाक करत होती. मी त्यांच्या समोर बसले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. दोन कागद आधीच आले होते ते सांगितलं. बाटली सांगितली, कपाट सांगितलं, भांड्यात रोज मीच पाणी घातलं ते सांगितलं. ते दोरी वळत राहिले. मधे एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही.

"म्हंजे विष नव्हतं," शेवटी ते म्हणाले.

"विष पाचव्या दिवशीच उतरलं होतं, भावजी. ताई बरी झाली होती."

त्यांनी दोरी खाली ठेवली.

"हे मला कशाला सांगितलंस गो?"

मी म्हटलं, सांगायला पाहिजे होतं.

"तुला पाहिजे व्हतं. मला नव्हतं पाहिजे," ते म्हणाले. आवाज चढला नाही, नेहमीसारखाच होता. "साप मारत व्हतो तवर बरं व्हतं. आता तुला काय करू?"

मी, जिच्या जिभेला हाड नाही असं अख्खं पेण म्हणतं, ती मी खाली बघत बसले. ते उठले. उंबऱ्याशी थांबून म्हणाले, पोरीला यातलं एक अक्षर कळता नये. आई गेली तेव्हा मावशी जवळ होती, एवढ्यावर ती उभी हाय. मग आत वळून भाचीला म्हणाले, मावशीला जेवाय वाढ. आणि काठी न घेता शेताकडं निघून गेले. मी जेवले. भाचीनं तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण केलं होतं. मीठ थोडं जास्त झालेलं, मी सांगितलं नाही.

भावजी त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. लग्नाकार्यात समोर आले तर मान हलवतात. भाची आता रोह्याला कॉलेजला आहे, दर रविवारी तिचा फोन येतो. परीक्षा, मैत्रिणी, वेळेवर न येणारी गाडी, सगळं सांगते. बाबा हल्ली गप्प गप्प असतात, म्हणते. आणि फोन ठेवायच्या आधी कधी कधी थांबते. गेल्या रविवारी म्हणाली, "मावशी, आईला दुसरीकडं नेली असती ना, तर माझ्या जिवाला कायम लागून राहिलं असतं. तू व्हतीस ना तिथं, सगळं तूच केलंस ना तिचं?"

मी व्हय म्हटलं.